चालू करू काय रे?

दूध आटायला अजून अवकाश आहे आणि कोजागिरीला झोपायचं नसतं. तेव्हा गच्चीचा तो दिवा घालवा, इकडे सरकून बसा आणि ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी सांगतोय ते कुठे वाचलेलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं, जयवंतचं आहे. घोडपदेवला राहतो तो. अनिश, तू बघितलायस त्याला. गणपतीत आपल्या मंडळाची लायटिंग करायला येतो तो उंच, अबोल माणूस. आधी तो अबोल नव्हता.

जयवंतचा धंदा म्हणजे मोठ्या इमारतींच्या, कारखान्यांच्या विजेच्या कामांची देखभाल. काम चोख, माणूस गप्पिष्ट. एकच खोड होती. हातात काम असलं की समोरचा काय विचारतोय ते अर्धंच ऐकायचं आणि "हं" म्हणून टाकायचं. त्याची बायको नम्रता वैतागायची. "मी काय विचारलं ते तरी सांगा बघू!" म्हणायची, आणि हे महाशय हसायचे.

साल दोन हजार तेवीस, एकवीस जानेवारी. शनिवार होता, आणि पौषातली अमावस्या. परळला एक छापखाना होता, बंद पडलेला. यंत्रं कधीच विकली गेली होती, जागा बिल्डरकडे गेली होती. आवारात मागच्या अंगाला, छापखान्याच्या हॉलच्या भिंतीला लागून एक दगडी खोली आणि तिच्यात छापखान्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. सोमवारी क्रेन येऊन तो उचलणार होती. त्याआधी त्याच्या तारा सोडवायला हव्या होत्या, आणि त्यासाठी वीज कंपनीने शनिवारी रात्री अकरा ते पहाटे पाच त्या लाइनचा पुरवठा बंद ठेवायचं कबूल केलं होतं. जयवंतचा जोडीदार ऐनवेळी गावी गेला होता. हा एकटाच निघाला. नम्रता म्हणाली, "अमावस्या आहे. दुसऱ्या दिवसावर ढकलता येत नाही का?"

हा बुटाची नाडी बांधत म्हणाला, "हं."

आता ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात होतो म्हणून सांगतो. बाहेरून दिसते ती लोखंडी टाकी. आत तेल. तेलात बुडालेला पोलादाच्या पातळ पत्र्यांचा गाभा आणि त्याच्यावर गुंडाळलेली तांब्याची दोन वेटोळी. एकाला भरपूर फेरे, दुसऱ्याला थोडे. भरपूर फेरेवाल्यात अकरा हजार व्होल्ट शिरतात, थोड्या फेरेवाल्यातून चारशे बाहेर पडतात. काय गं अक्षदा? ...बरोबर विचारलंस. दोन्ही वेटोळी एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. मग वीज पलीकडे जाते कशी? तर पहिल्यातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे हेलकावते. तिच्या जोराने मधलं पोलाद चुंबक होतं, उलटतं, पुन्हा चुंबक होतं. त्या हेलकाव्यानेच दुसऱ्या वेटोळ्यात वीज उठते. पण पोलादाला हा मार फुकट सोसत नाही. ते थरथरतं आणि तापतं. रस्त्यावरच्या सबस्टेशनजवळून जाताना हुंऽऽ असा आवाज येतो ना, तो त्या थरथरण्याचा. पलीकडे कुणी एक दिवाही लावलेला नसला तरी पोलादाचं हे तापणं थांबत नाही. लोकांनी यंत्रं लावली की मग तांबंही तापायला लागतं, आणि भार दुप्पट झाला की त्याचं तापणं चौपट होतं. ही सगळी वाया जाणारी वीज. तो छापखाना बंद पडला तरी त्याची लाइन कुणी तोडली नव्हती. इतकी वर्षं तो ट्रान्सफॉर्मर अंधारात, कुणाच्याही उपयोगी न पडता, आपला घुमत उभा होता.

आणि अजून एक. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. पुढून अकरा हजार दिले तर मागून चारशे निघतात. पण कुणी मागून चारशे दिले, तर पुढच्या टोकांवर अकरा हजार उभे राहतात. म्हणून जाणता माणूस पुढची लाइन बंद केल्यावर मागूनही काही येणार नाही ना, ते बघून घेतो.

जयवंतने बघितलं नाही. मागच्या तारा छापखान्याच्या हॉलमध्ये जात होत्या आणि हॉल रिकामा होता, तिथला स्विचबोर्डसुद्धा भंगारात गेला होता. हॉलला कुलूप होतं. बघायचं काय?

आवारात राखणीला कुशाबा होता. साताऱ्याकडचा म्हातारा, पूर्वी याच छापखान्यात कागद वाहायचा. त्याने फाटक उघडलं.

"एकटंच आलाव, साहेब?"

"तुम्ही आहात की, मामा."

"म्या फाटकापाशी हाय. आत न्हाय यायचा." मग जरा घुटमळून म्हणाला, "तुमचा दिवा कमी पडला तर सांगा. माज्याकडं चार्जिंगचा दुसरा हाय. चालू करून दारात ठिवीन."

जयवंत खोलीत गेला. मधे टाकी, भोवती छातीएवढी जाळी. बॅग आणि फोन त्याने जाळीबाहेर ठेवले, बॅटरीचा दिवा जाळीला अडकवला. अकराला कंपनीच्या माणसाचा फोन आला, "बंद केलंय, घ्या काम." ते घुमणं थांबलं. जयवंत सांगतो, इतकी शांतता त्या खोलीत झाली, की लांब पुलावरून जाणाऱ्या मोटारी ऐकू यायला लागल्या. त्याने आपल्याकडचा स्विचही पाडला. टेस्टरची काठी टोकांपाशी धरली. वीज असली की तिचा लाल दिवा जवळ नेल्याबरोबर लागतो. लागला नाही. मग येणारी केबल त्याने जमिनीला जोडून टाकली, म्हणजे चुकून वीज आलीच तर जमिनीत जाईल. सगळं रीतसर.

टाकीच्या मागे आणि भिंतीच्या मधे एक बोळ होता. माणूस आडवा होऊन जेमतेम शिरेल इतकाच. अकरा हजारांची येणारी केबल जोडलेला डबा त्या बोळात होता. जयवंत पोट आत घेऊन डब्यासमोरून पलीकडे सरकला, कारण नट तिकडूनच उघडत होते. पलीकडे वाट नव्हती, भिंतच. त्याने झाकण काढलं, केबल सोडवली आणि खाली टाकली. आता डब्यातून तांब्याची तीन उघडी टोकं भिंतीकडे डोकावत होती, बरोबर छातीच्या उंचीला. त्यांच्यात आणि भिंतीत वीतभर जागा. वीज नसताना काय, अंग चोरून घासून जायचं. येताना तो तसाच तर आला होता.

डब्याच्या पट्टीचा शेवटचा नट अजून राहिला होता, गंजलेला. जयवंत पाना लावून त्याच्याशी झटत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"चालू करू काय रे?"

जयवंतचं लक्ष पान्यावर. कुशाबा दिव्याचं विचारतोय, एवढंच डोक्यात आलं.

"हं," तो म्हणाला.

नट सुटला. आणि टाकी घुमायला लागली.

हुंऽऽऽ.

जयवंत थिजला. पाना हातात तसाच. पहिल्यांदा त्याला वाटलं, कंपनीने लाइन सोडली. पण केबल तर त्याच्या पायाशी पडली होती, सुटलेली. पुढून काही येणं शक्यच नव्हतं. त्याने कमरेची टेस्टरची काठी काढली आणि हात लांब करून टोकांच्या दिशेने धरली.

लाल दिवा लागला.

मागून. वीज मागून येत होती. हॉलमधून.

कुणी जनरेटर लावला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पण जनरेटर धडधडतो, जमीन हादरते. इथे तसं काही नव्हतं. फक्त हे घुमणं. आणि तेही नेहमीसारखं एकसुरी नव्हतं. चढायचं, उतरायचं. पुन्हा चढायचं. एखादा माणूस धापा टाकतो तसं.

अकरा हजाराला हात लावावा लागत नाही, पोरांनो. जवळ गेलात की वीजच अंगावर येते. पुढ्यात ती तीन टोकं, मागे भिंत, उजवीकडे भिंत. बाहेर जायची वाट फक्त डावीकडून, त्या वीतभर फटीतून. जयवंत पाठ भिंतीला चिकटवून उभा राहिला. बसायला जागा नाही, कारण गुडघे मुडपले तर टाकीला लागणार. वळायला जागा नाही. फोन जाळीबाहेर, दिसतोय, पण हात पोचत नाही.

"मामा!" तो ओरडला. "कुशाबा मामा! बंद करा! बंद!"

भिंतीपलीकडून आवाज आला. जरा जवळून.

"काय? ...आयकाक येना नाय."

आणि तेव्हा जयवंतने ती बोली ओळखली. ऐकू येत नाही, असं तो म्हणत होता. पण मालवणीत. कुशाबा साताऱ्याचा. कुशाबा त्याला साहेब म्हणतो, रे म्हणत नाही. मघाशीही हाक मालवणीतच आली होती. जयवंतच्या स्वतःच्या घरची बोली ती. इतकी कानाला सरावलेली, की त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कोण आहे?"

"...चालू करू?"

"नको! बंद कर! बंद!"

"हां... करतंय."

घुमणं वाढलं. टाकी त्याच्या पोटाला शेकायला लागली. जयवंतला कळेना. भार नाही, काही नाही, पाच मिनिटांत एवढं मोठं धूड तापतं कसं? टोकांपाशी बारीक चर्रर्र आवाज व्हायला लागला, तव्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा.

तो पुन्हा ओरडला. पुन्हा तेच. "आयकाक येना नाय." पुन्हा घुमणं चढलं. जे बोलावं ते पलीकडे उलटंच पोचत होतं. प्रत्येक शब्दाने टाकी आणखी तापत होती.

मग जयवंत गप्प झाला.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. पलीकडचा आवाज मात्र गप्प राहीना. मधूनच विचारायचा. हलकेच.

"झाला काय रे?"

जयवंत ओठ दाबून.

"...जेवलंस?"

...

"रागावलंस काय माझ्यावर?"

...

जाळीवरचा दिवा पिवळा पडत गेला. मग लाल. मग विझला.

अंधारात ती तीन टोकं दिसत होती. प्रत्येकाच्या टोकाशी सुईएवढा जांभळा उजेड. जयवंतच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात वर करायची हिंमत नव्हती. तापलेल्या तेलाचा उग्र वास नाकात भरला होता. तो सांगतो, मरणाची भीती नंतर वाटेनाशी झाली. भीती झोपेची वाटत होती. डुलकी लागली, मान पुढे गेली, की संपलं. घरी नम्रता झोपली असेल. सकाळी तिला कुणीतरी सांगायला जाईल. तिने अडवलं होतं आणि आपण काय म्हणालो... हं म्हणालो.

क्षणभर डोळा लागला. अंग बोटभर पुढे झुकलं. छातीवरचे केस ताठ उभे राहिले. ओढल्यासारखे. त्याने डोकं मागे भिंतीवर आपटून घेतलं आणि सावरला.

पुढच्या वेळी सावरता येणार नाही, हे त्याला कळलं.

पलीकडून पुन्हा आलं.

"चालू करू काय रे...?"

आता त्या आवाजात रडू होतं.

जयवंत म्हणतो, तेव्हा त्याने पहिल्यांदा ते नीट ऐकलं. आयुष्यात कुणाचं काही इतकं नीट ऐकलं नव्हतं. हा माणूस मारायला आलेला नाही. हा विचारतोय. याला परवानगी नकोय, दटावणी नकोय. याला एकच कळायला हवंय आणि तेच कुणी सांगत नाहीये. बंद कर म्हणून उपयोग नाही, नको म्हणून उपयोग नाही. जयवंतने छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि आपल्या आईच्या बोलीत, एकेक शब्द सुटा करून ओरडला.

"मी... अजून... आत... आसंय!"

घुमणं अडखळलं.

"काय?"

"मी आत आसंय रे! अजून आत आसंय!"

काही नाही.

काहीच नाही.

मग घुमणं उतरायला लागलं. हळूहळू. उतरत उतरत एक बारीक थरथर राहिली. तीही गेली. जांभळे ठिपके विझले. भिंतीपलीकडे कुणीतरी हुंदका दिला. एकच.

जयवंतने टेस्टर पुढे केला. दिवा लागला नाही. पुन्हा केला. नाही. तरी पाय उचलेना. अंधारात त्या टोकांना छाती घासूनच बाहेर पडायचं होतं आणि पुन्हा हाक आली तर... त्याने डोळे मिटले. श्वास सोडून पोट आत ओढलं. सरकला. पहिलं टोक शर्टाला लागलं. गार. दुसरं. तिसरं. मग एकदम हवा लागली आणि तो जाळीवर कोसळला.

फाटकापाशी कुशाबा जागाच होता. खुर्चीत नव्हता, जमिनीवर बसला होता, कानांवर हात घेऊन. जयवंतला बघून त्याला रडूच फुटलं. "तुमी वरडताना ऐकलं, साहेब. पाय उचलला न्हाय. माफ करा. पाय उचलला न्हाय."

"हॉलमध्ये कोण आहे, मामा?"

कुशाबाने कानांवरचे हात काढले. फाटकाबाहेरून पहिली दुधाची गाडी गेली आणि तो सांगायला लागला.

"दीपक राऊळ आनि सत्यवान धुरी. दोगं हितं वायरमन हुते. एका गावचे, कनकवलीकडचे. एका खोलीत ऱ्हायाचे, एका ताटात जेवायाचे. अशीच लाइन बंद झाल्ती. दीपक मागं त्या बोळात काम करत हुता. सत्यवान हॉलात जनरेटरपाशी. त्यानं इचारलं, चालू करू काय रे? दीपक आतनं कायतरी बोलला. काय बोलला ते देवाला ठावं. सत्यवानला वाटलं, हो म्हनला. त्यानं चालू केलं, दीपक जागीच गेला."

"आणि सत्यवान?"

"वरीसभर जगला. येनाऱ्याजानाऱ्याला धरून एकच म्हनायचा, म्या इचारलं हुतं. म्या इचारल्याबिगर चालू केलं न्हाय."

उजाडल्यावर जयवंत म्हणाला, हॉल उघडा. कुशाबा नको म्हणत होता. पण जयवंतला त्या तारा बघायच्या होत्या. बघितल्याशिवाय घरी जाऊन नम्रतापुढे उभं राहणं त्याला जमणार नव्हतं. कुशाबाने किल्ली दिली. कुलूप इतकं गंजलं होतं की तेल घालून, हातोडीने ठोकून उघडावं लागलं.

आत काही नव्हतं. मोठी लांबलचक मोकळी जागा, वरच्या काचांतून उतरणारं ऊन, आणि खाली धूळ. वर्षानुवर्षांची, बोटभर जाडीची, मऊ, सलग. तिच्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. उंदराचंसुद्धा नाही. जनरेटर नव्हता. पलीकडच्या भिंतीतून ट्रान्सफॉर्मरच्या तारा बाहेर आल्या होत्या आणि हातभर अंतरावर कापलेल्या होत्या. कापलेली टोकं हवेत लोंबत होती. कशालाही जोडलेली नव्हती.

जयवंत धूळ तुडवत त्या टोकांपर्यंत गेला. कुशाबा दारातच थांबला.

तारांच्या खाली, भिंतीला अगदी लागून, धुळीत दोन खळगे होते. शेजारी शेजारी. वाटोळे. माणूस गुडघ्यांवर बसतो तेव्हा उमटतात तसे. तिथपर्यंत आलेलं पाऊल नाही, तिथून गेलेलं नाही. आणि त्या दोन खळग्यांच्या मधे धुळीवर चार-पाच थेंब पडले होते.

जयवंतने वाकून बोट लावलं.

ओलं होतं.